न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये गाइडसोबत ताहरची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑकलंड, क्राइस्टचर्चची मराठी मंडळी आणि पुण्या-मुंबईहून इकडे फिरायला येणारे ट्रेकर हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काही प्रश्न हळू आवाजात येतात, कारण घरी माळकरी आजी असते. खालची उत्तरं फक्त न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापुरती आहेत. आफ्रिका, अमेरिकेचे नियम वेगळे, तिथला अनुभवही वेगळा.

ताहर तर हिमालयातला. तो न्यूझीलंडमध्ये आला कसा?

माणसाने आणला. भारत, नेपाळ आणि तिबेटच्या हद्दीत हिमालयाच्या उभ्या कड्यांवर राहणारा हा दाट केसांचा, शेळ्या-मेंढ्यांच्या कुळातला प्राणी. १९०४ साली इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने वोबर्नच्या आपल्या कळपातले काही ताहर न्यूझीलंड सरकारला भेट दिले आणि ते माउंट कुकजवळ सोडले गेले. परदेशातल्या हौशी शिकाऱ्यांनी इथे यावं, असं त्या काळच्या सरकारला वाटत होतं. तीनच वर्षांनी, १९०७ मध्ये, ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने शॅमॉय (युरोपातल्या आल्प्सची डोंगरी शेळीसारखी जनावरं) पाठवले. हरणं त्याआधीच आलेली होती.

गंमत अशी की या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळ सस्तन प्राणी नाही. इथलं उंचावरचं टसॉक गवत आणि माउंट कुक लिलीसारखी झाडं खुरांशिवाय, चरणाऱ्या तोंडांशिवाय वाढली. त्यात ताहर येऊन पडला, आणि त्याच्यामागे हिमबिबट्याही नाही. सरकारने १९३० मध्ये त्याचं संरक्षण काढून घेतलं. १९७० च्या दशकात हेलिकॉप्टरमधून मांसासाठी इतकी कत्तल झाली की संख्या काही हजारांवर आली. १९८३ मध्ये तो धंदा थांबला आणि कळप पुन्हा वाढले. १९९३ च्या नियंत्रण आराखड्याने कमाल मर्यादा १०,००० ठरवली. पुढे २०१६ ते २०१९ या काळात हवाई पाहणी झाली, तेव्हा एकट्या सरकारी जमिनीवर सुमारे ३४,५०० ताहर असल्याचा अंदाज निघाला.

मायदेशी हाच प्राणी 'संकटसमीप' गटात मोडतो.

म्हणजे एक नर मारला की इथल्या निसर्गाला मदतच झाली?

फारशी नाही. भरघोस आयाळीचा एक नर टिपल्याने पुढच्या वर्षीची करडं कमी होत नाहीत. उरलेले नर त्याची जागा भरतात. संख्या खरी कमी होते ती माद्या मारल्याने. म्हणूनच सरकारी हेलिकॉप्टरं राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर ओळखू येणारे मोठे नर बहुधा सोडून देतात आणि माद्या-पिल्लांवर भर देतात. उद्यानांच्या आत मात्र नर-मादी असा भेद नाही. तिथे ताहर शक्य तितके शून्यावर आणायचे, असं धोरण आहे. यावरून शिकारी संघटना आणि संवर्धन खातं यांच्यात २०२० मध्ये कोर्टापर्यंत जुंपली होती.

ट्रॉफीच्या, म्हणजे शिंगं-कातडं मिरवण्यासाठी केलेल्या, शिकारीला 'निसर्गसेवा' म्हणणाऱ्या जाहिराती वाचल्या की मला हसू येतं. शिकार करायची तर शिकार म्हणून करावी. आणि खरंच हातभार लावायचा असेल तर गाइडला आधीच सांगा, "नर मिळाल्यावर एक-दोन माद्याही घेऊ." कोणताही चांगला गाइड खूश होईल, आणि खायला मांसही चांगलं मिळेल.

हे कायदेशीर आहे का? परवाना किती कठीण?

पूर्ण कायदेशीर आहे. संवर्धन खात्याच्या (इथे सगळे 'डॉक' म्हणतात) जमिनीवर शिकार करायला लागणारा परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो. ताहरला ठरावीक हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. सरकारी जमिनीवर रात्री बॅटरी मारून शिकार करायला बंदी आहे. वेस्ट कोस्टच्या काही निर्जन 'विल्डरनेस' भागांत एरवी हेलिकॉप्टर उतरू शकत नाही. तिथे हिवाळ्यात थोड्या आठवड्यांसाठी सोडत काढून गटांना जागा देतात. इथले हौशी शिकारी या सोडतीची वर्षभर वाट पाहतात.

मी कधी बंदूक हातात धरलेली नाही. चालेल?

चालेल, पण अट आहे. लायसन्स नसलेल्या माणसाला लायसन्सधारकाच्या थेट देखरेखीखाली रायफल वापरता येते. थेट म्हणजे तो हाताच्या अंतरावर हवा आणि त्या वेळी त्याच्या स्वतःच्या हातात दुसरी बंदूक नको. गाइड सोबत असला की ही अट पाळणं सोपं जातं. ज्यांना स्वतंत्रपणे रायफल बाळगायची आहे अशा परदेशी पाहुण्यांसाठी व्हिजिटर फायरआर्म्स लायसन्स असतं. त्याचा अर्ज येण्याआधी बराच काळ करून ठेवावा.

भारतातून स्वतःची रायफल आणायच्या भानगडीत पडू नका. दोन्हीकडचे कागद, विमान कंपनीच्या अटी, मधल्या देशातला थांबा, एवढा मनस्ताप एका सहलीसाठी परवडत नाही. गाइडकडे त्या डोंगराला साजेशी, नेम लावून तयार ठेवलेली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असते. क्राइस्टचर्चच्या मशिदींवर १५ मार्च २०१९ रोजी हल्ला झाला, त्यानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर इथे बंदी आली. सायलेन्सर मात्र सर्रास वापरतात. ते पाहून दचकू नका, ते कानांसाठी असतात.

गाइड घेणं सक्तीचं आहे का?

नाही. परदेशी माणसालाही नाही. अनुभवी लोक स्वतःच जातात.

तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइड घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण ताहर नव्हे, डोंगर आहे. ताहर शोधणं तितकंसं अवघड नाही. चांगली दुर्बीण आणि धीर असला की दिसतो. पण तो जिथे उभा असतो तिथे पोचायचं कसं, तिथून परतायचं कसं, बर्फ कुठे कच्चा आहे, नदी दुपारनंतर ओलांडता येईल का, हे माहीत असणाऱ्या माणसाचे पैसे आपण देत असतो. गोळी झाडण्याआधी चांगला गाइड प्राण्याकडे कमी आणि त्याच्या पायाखालच्या कड्याकडे जास्त बघतो. जखमी ताहर दोनशे मीटर खाली घळीत कोसळला तर शिंगं फुटतात, मांसाचा चेंदा होतो, आणि त्याला आणायला उतरणारा माणूसही तसाच कोसळू शकतो. "नको, इथून नाही," असं म्हणून तुमचा हात खाली घ्यायला लावणारा गाइड मिळाला तर समजा, पैसे वसूल झाले.

गाइड ठरवताना त्याला काय काय विचारू?

पहिला प्रश्न: कुंपण आहे का? न्यूझीलंडमध्ये खाजगी शिकार-इस्टेटींचा मोठा धंदा आहे. तिथे मुख्यतः लाल हरणं शिंगांच्या आकारासाठी पैदास करून कुंपणात ठेवलेली असतात. जाहिरातीत डोंगर दिसतो, तार दिसत नाही. कोणाला तेच हवं असेल तर हरकत नाही, वयस्कर किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते सोयीचंही पडतं. पण मोकळ्या डोंगराचे पैसे देऊन कुंपणातलं जनावर मारायचं, ही फसवणूक झाली. उत्तर लेखी घ्या.

दुसरा: सरकारी जमिनीवर नेणार असाल तर डॉकचं 'कन्सेशन' आहे का? पैसे घेऊन लोकांना तिथे नेणाऱ्याला हा परवाना लागतो. न्यूझीलंड प्रोफेशनल हंटिंग गाइड्स असोसिएशनचा सभासद आहे का, हेही विचारा.

तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि शेवटच्या दिवशी वाद होतो: जखमी होऊन निसटलेल्या जनावराचे पैसे लागतात का? बहुतेक ठिकाणी लागतात. रक्त दिसलं की ते तुमचं, असा रिवाज आहे. मला तो योग्य वाटतो, कारण त्यामुळे माणूस उगाच गोळी झाडत नाही.

शिवाय एका गाइडमागे किती शिकारी, हवामानामुळे वाया गेलेल्या दिवसांचं काय, आणि दिवसाच्या दरात हेलिकॉप्टर, राहणं, रायफल, ट्रॉफी शुल्क यांपैकी काय धरलं आहे आणि काय नाही, हे विचारा. वेबसाइटवरचा आकडा आणि शेवटचं बिल यांतला फरक बहुधा हेलिकॉप्टर आणि ट्रॉफी शुल्क यांतून येतो.

हेलिकॉप्टरमधून शिकार करतात म्हणे?

दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे हेलिकॉप्टरने उंचावर सोडायचं, तंबूत किंवा झोपडीत राहायचं आणि पुढे पायी शिकार करायची. ही वाहतूक झाली. दुसरी म्हणजे हवेतून नर शोधायचा, त्याच्याजवळ शिकाऱ्याला उतरवायचं आणि थोड्या वेळात काम संपवायचं. हेही काही भागांत परवान्याने चालतं. मात्र त्या कंपन्यांना ट्रॉफीच्या बदल्यात काही जास्तीचे ताहर मारून नियंत्रणाला हातभार लावावा लागतो. इथले पायी जाणारे शिकारी या दुसऱ्या प्रकाराला नाकं मुरडतात. मीही त्यांच्यातलाच. नियमात बसतं म्हणून त्याला डोंगरातली शिकार म्हणायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

कोणत्या महिन्यात जावं?

मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. इथला तो हिवाळा आणि ताहरचा माजाचा काळ. नर माद्यांच्या मागे फिरत असतात, त्यामुळे उघड्यावर दिसतात. मान-खांद्यांवरची फिकट सोनेरी आयाळ तेव्हाच भरलेली असते. उन्हाळ्यात ती गळते आणि नर अगदीच साधा दिसतो. मात्र हिवाळ्यात दिवस लहान, जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि बर्फ असतो. नोव्हेंबर ते जानेवारी पिल्लं जन्मतात. त्या वेळी ट्रॉफीसाठी जाण्यात अर्थ नाही.

मी सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. तेवढं पुरेल?

दमसासाचा प्रश्न नाही, तो पुरेल. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढणाऱ्याला इथली चढण झेपते. पण आपला सह्याद्री कातळाचा, पाय ठेवला की धरून ठेवतो. इथला डोंगर सुट्या दगडांचा, पावलागणिक घसरणारा. त्यावर हिवाळ्यात कडक बर्फ. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) आणि आइस अ‍ॅक्स वापरायची सवय नसेल तर आधी एक दिवस शिकून घ्या आणि गाइडला खरं सांगा. "थोडीशी चढण आहे," असं इथला माणूस म्हणाला तर ती किमान तीन तासांची धरावी. ही मंडळी कशाचंच मोठं करून सांगत नाहीत.

दिवस नेमका कसा जातो?

ज्यांना वाटतं की दिवसभर बंदूक घेऊन धावायचं, त्यांची निराशा होते. बराचसा वेळ बसण्यात जातो.

अंधारात उठायचं, चहा-ओट्स घ्यायचे, उजाडता उजाडता नजरेच्या जागी पोचायचं. मग दुर्बिणीने समोरचा डोंगर पट्ट्यापट्ट्याने चाळायचा. इथे एक गोष्ट भारतीय डोक्याला उलटी वाटते: दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडच्या उतारांवर पडतं. हिवाळ्यात ताहर तिथेच सापडतात. सकाळी चरतात, दुपारी कड्याच्या कपारीत रवंथ करत बसतात, सायंकाळी पुन्हा गवतावर उतरतात. नर दिसला की गाइड स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) लावतो, शिंगांवरची वर्षाची वलयं मोजायचा प्रयत्न करतो आणि वय ठरवतो. शिंगं फार मोठी नसतात. बारा-तेरा इंच म्हणजे उत्तम. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रत्येक काळा ठिपका मोठा नर वाटतो, आणि गाइड तीन-चार वेळा "लहान आहे" म्हणतो तेव्हा राग येतो. त्याचं ऐका.

मग वारा. ऊन तापलं की वारा उतारावरून वर वाहतो, सायंकाळी खाली. ताहरला संकट खालून येईल अशी अपेक्षा असते, म्हणून शक्य असेल तर वळसा घालून वरून यायचं. या वळशालाच अर्धा दिवस जातो. आणि कधी कधी पोचेपर्यंत कळप पलीकडच्या घळीत गेलेला असतो.

गोळी किती लांबून मारावी लागते?

साधारण २०० ते ३०० मीटर. त्यासाठी पॉइंट २७०, पॉइंट ३०८, ७ एमएम मॅग्नम अशा रायफली चालतात. आधी रेंजवर, आणि बसून किंवा बॅगेवर टेकून सराव करा. डोंगरात टेबल नसतं.

उताराचा हिशेब समजून घ्या. ४० अंशांच्या उतारावर तिरकं अंतर ३०० मीटर असेल तर गोळी खाली येण्याच्या हिशेबात धरायचं आडवं अंतर जेमतेम २३० मीटर भरतं. पूर्ण ३०० धरून नेम लावला की गोळी वरून जाते. हल्लीची रेंजफाइंडर (अंतर मोजायची यंत्रं) हे गणित करून देतात, पण गाइड सांगेल तो आकडा शेवटचा.

खरा धोका कशाचा?

जनावराचा नाही. साप नाही, वाघ नाही, अस्वल नाही. धोका घसरून पडण्याचा, हिमस्खलनाचा, नदीचा आणि सोबत्याच्या बंदुकीचा.

वायव्येकडून वारा सुटला की मुख्य रांगेवर तुफान पाऊस पडतो, आणि सकाळी गुडघ्याएवढी असलेली नदी दुपारी माणूस वाहून नेते. नदी फुगली तर या काठाला थांबायचं, विमान चुकलं तरी. म्हणून परतीचं तिकीट शिकारीच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. हिमस्खलनाचा अंदाज भागवार रोज प्रसिद्ध होतो, तो गाइडसोबत बसून वाचा. मोबाइलला रेंज नसते. बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) किंवा सॅटेलाइट मेसेंजर गाइडकडे असतोच, पण तो कुठल्या खिशात आहे आणि कसा चालवायचा, हे तुम्हालाही माहीत हवं. पडणारा माणूस गाइडच असू शकतो.

बंदुकीच्या अपघातांत इथे बळी जातो तो बहुधा आपल्याच गटातला माणूस. भगवी किंवा चकचकीत नारिंगी टोपी, जाकीट घाला. समोर काय आहे हे शंभर टक्के पटल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाऊ देऊ नका. झुडूप हललं म्हणून तर कधीच नाही.

अपघात झालाच तर उपचारांचा खर्च इथली सरकारी एसीसी योजना पाहुण्यांसाठीही उचलते. भारतात परत नेण्याचा खर्च आणि आजारपण त्यात येत नाही. प्रवास विमा घेताना शिकार आणि बर्फातली चढाई वगळलेली नाही ना, ते बारीक अक्षरात वाचा.

मांस खाता येतं का?

येतं, आणि खावंच. माजावर आलेल्या म्हाताऱ्या नराला मात्र उग्र वास येतो, चिवटही असतो. त्याचा खिमा करावा. तरुण मादीचं मांस उत्तम. बोकडाच्या मटणाच्या वाटेनेच जायचं, फक्त चरबी कमी म्हणून तेल थोडं सढळ आणि कुकरच्या शिट्ट्या जास्त. कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा छान जमतो. हे मांस विकायला मात्र मनाई आहे. आणि ज्या भागात उपद्रवी प्राणी मारायला १०८० हे विष टाकलं आहे तिथलं मांस खायचं नाही. डॉक त्याची यादी प्रसिद्ध करतं.

शिंगं किंवा कातडं भारतात नेता येईल?

विचार सोडून द्या. न्यूझीलंडमध्ये जे उपद्रवी जनावर आहे ते भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. मुंबई विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याला ड्यूक ऑफ बेडफर्डची गोष्ट सांगून उपयोग नाही. इथे राहणाऱ्यांनी भिंतीवर लावावीत. पाहुण्यांनी फोटो न्यावेत.

उलट दिशेलाही काळजी घ्या. न्यूझीलंडमध्ये उतरताना ट्रेकिंगचे बूट, तंबू, काठ्या स्वच्छ धुऊन आणा आणि फॉर्मवर जाहीर करा. माती लागलेला बूट लपवला तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

नवऱ्याला शिकार करायची आहे, मला नाही. मी सोबत जाऊ शकते का?

जरूर. बहुतेक गाइड शिकार न करणाऱ्या सोबत्याला कमी दरात नेतात. दुर्बीण आणि चांगला कॅमेरा न्या. किआ नावाचे डोंगरी पोपट भेटतील. ते संरक्षित आहेत आणि महाचोर आहेत. बूट, हातमोजे बाहेर ठेवलेत तर सकाळी रबर कुरतडलेलं मिळेल. वेस्ट कोस्टच्या बाजूला गेलात तर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांसाठी मलम हवं. आणि ज्या क्षणी गोळी सुटणार असते तेव्हा मागे थांबायचं असेल तर आधीच सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

भारताच्या जवळपास असं काही नाही का?

भारतात नाही. नेपाळमध्ये ढोरपाटन हे एकच शिकार राखीव क्षेत्र आहे. तिथे परवान्याने, मोजक्या संख्येत नाऊर (हिमालयातली निळी मेंढी) आणि ताहर यांची शिकार करता येते. तिथला ताहर आपल्या घरचा, त्यामुळे कोटा अगदी थोडा आणि शुल्क जबर. उंचीही बरीच जास्त. तो वेगळाच प्रवास आहे.

गाइडला टिप द्यायची का?

न्यूझीलंडमध्ये टिप द्यायची पद्धत नाही, हॉटेलात कोणी अपेक्षाही धरत नाही. शिकारीच्या धंद्यात मात्र अमेरिकन गिऱ्हाइकांमुळे ती रुजली आहे. द्यावीशी वाटली तर द्या, सक्ती नाही. तुमच्यासाठी कड्यावरून वीस किलो मांस पाठीवर घेऊन उतरलेल्या माणसाला रिकाम्या हाताने निरोप देणं मला तरी जमत नाही. पैसे द्यायला संकोच वाटत असेल तर दुर्बीण पुसायचं चांगलं कापड, लोकरी मोजे किंवा घरच्या मसाल्याची बरणी चालते. मसाला तिखट असेल तर तसं सांगून द्या.